शाळेतले ‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यावर सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या शाळा उघडतात, दीड महिन्याच्या सुट्टीनंतर संगणक कक्षाचे कुलूप निघते आणि त्याच दिवशी कुणाला तरी फोन जातो, ‘सर, नेट गेलंय.’ या तीन शब्दांतून फोन उचलणाऱ्याला काहीही कळत नाही. एका संगणकाचे गेले की सगळ्यांचे? स्विचवर, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यावर, दिवे लागतात का? की बाहेरची लाइनच मेली आहे? यांची उत्तरे कुणाकडे नसतात. मग माणूस येईपर्यंत चार दिवस कक्ष बंद, आणि तो आल्यावर बऱ्याचदा निघते काय, तर टेबलामागे निम्मी बाहेर आलेली एक वायर. यू-डायस प्लस या शाळांच्या नोंदींच्या पोर्टलवरची माहिती, शालार्थ या पगाराच्या प्रणालीतली वेतनदेयके, शिष्यवृत्तीचे अर्ज, बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची ऑनलाइन परीक्षा, हे सगळे आता याच वायरींच्या जिवावर चालते. बिघाडानंतरची पहिली दहा मिनिटे शाळेने स्वतः कशी वापरावीत, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कशालाही हात लावण्याआधी बघायचे ते एवढेच, की बंद एक संगणक आहे, एक रांग आहे, की सगळा कक्ष. एकच बंद असेल तर दोष त्याच्या वायरीत, जॅकमध्ये (वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा तुकडा), स्विचवरच्या त्याच्या पोर्टमध्ये (जॅक खोचायचे भोक) किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. एक रांग बंद असेल तर त्या रांगेचा छोटा स्विच किंवा मुख्य स्विचकडून तिथे येणारी वायर. सगळेच बंद असतील तर मुख्य स्विच, राउटर (बाहेरची लाइन आतल्या संगणकांना जोडणारा डबा) किंवा बाहेरची लाइन. यामुळे शोधायची जागा दोन मिनिटांत वीस टेबलांवरून एका टेबलावर येते. आपल्याकडे होते उलटेच. एक संगणक बंद पडला की कुणीतरी जाऊन राउटर बंद-चालू करतो आणि चालू असलेल्या एकोणीस संगणकांवरचे कामही घालवतो.

दुसरी पायरी दिव्यांची. संगणकाच्या पाठीमागे वायर जिथे खोचतो तिथे एक-दोन बारीक दिवे असतात, तसेच स्विचच्या प्रत्येक पोर्टवर. दिवा लागलेला असेल तर वायर दोन्ही टोकांना जोडलेली आहे. तो लुकलुकत असेल तर माहितीची ये-जा चालू आहे. दिवाच नसेल तर आधी वायर काढून पुन्हा बसवावी, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. जॅकची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर वायर बसल्यासारखी दिसते आणि खुर्ची हलली की निसटते. असा जॅक कापून नवा लावायचा, चिकटपट्टीने बांधायचा नाही. तरीही दिवा नाही लागला तर शेजारच्या चालू संगणकाची वायर इथे लावून बघावी. लागला तर दोष मूळ वायरीत किंवा स्विचवरच्या तिच्या पोर्टमध्ये, नाही लागला तर संगणकाच्या नेटवर्क कार्डात, म्हणजे वायर जोडण्याच्या भागात. वायर ठीक निघाली तर स्विचवरचे पोर्ट बदलून बघावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झाले, तर कशामुळे झाले ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच कसरत.

(इथे शब्दाचा एक घोळ नेहमी होतो. फोनवर ‘स्विच बंद करून चालू करा’ म्हटले की पलीकडचे गुरुजी भिंतीवरचे बटण दाबतात आणि सगळा कक्ष अंधारात. नेटवर्कच्या स्विचला ‘वायरींचा डबा’ म्हटलेले काय वाईट?)

डब्यावर एकही दिवा नसेल तर अडॅप्टर तपासावा. पाच किंवा आठ पोर्टचे छोटे स्विच बहुधा ५, ९ किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात आणि पिन बऱ्याचदा सारखीच असते. उन्हाळ्यात सामान काढून ठेवले, जूनमध्ये परत लावताना अडॅप्टर आपसांत बदलले, आणि ५ व्होल्टच्या स्विचला १२ व्होल्ट मिळाले की स्विच संपला. प्रत्येक अडॅप्टरवर कागदी पट्टी चिकटवून तो कोणाचा आणि किती व्होल्टचा हे आजच लिहून ठेवावे.

दिवे ठीक आणि तरी नेट नाही, मग पाळी संगणकाला विचारायची. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून ‘सीएमडी’ (cmd) लिहावे, एंटर दाबावा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) हा शब्द सलग, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबावा. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे जाळ्यातला या संगणकाचा क्रमांक, १९२.१६८ ने सुरू होत असेल (काही ठिकाणी १० ने), तर राउटरने पत्ता दिला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने राउटरला हाक मारली, उत्तर आले नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. हा आकडा दिसला की वेबसाइट, ब्राउझर यांच्या नादी लागूच नये; राउटरपर्यंतची वाट बंद आहे. ती वाट वायरीने अडली असेल, नाहीतर राउटरकडचे पत्ते संपले असतील. घरगुती राउटरवर वाटायचे पत्ते मोजके ठेवलेले असतात आणि प्रत्येक पत्ता कित्येक तास अडकून राहतो. वाय-फायचा पासवर्ड शिक्षकांकडून मुलांकडे, मुलांकडून त्यांच्या भावांकडे गेला की मोबाइलच सगळे पत्ते खाऊन टाकतात आणि लॅबच्या संगणकांना काही उरत नाही. पासवर्ड बदलून राउटर एकदा बंद-चालू केला की हा त्रास तिथेच थांबतो.

पत्ता ठीक असेल तर त्याच खिडकीत ‘पिंग’ (ping) लिहून, एक जागा सोडून, ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसणारा आकडा (राउटरचा पत्ता) लिहावा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. चार ओळींत उत्तर आले तर राउटरपर्यंत सगळे ठीक. मग ‘पिंग ८.८.८.८’ (आकडे इंग्रजी कळांनीच). हा गूगलचा सर्व्हर. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर दोष शाळेच्या आतला नाही, बाहेरच्या लाइनचा आहे. आता कंपनीला फोन करायला हरकत नाही. हाही उत्तर देतो आणि तरी साइट उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएससाठी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघावे. शेजारच्या संगणकाला मात्र पिंग करून निष्कर्ष काढू नये. विंडोजची फायरवॉल असे पिंग बऱ्याचदा अडवते, तो संगणक धडधाकट असूनही उत्तर देत नाही.

जुन्या संगणकांचा एक दोष हमखास नेटच्या नावावर खपतो. ब्राउझर म्हणतो, ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’, एकही सरकारी पोर्टल उघडत नाही, आणि पिंग तर व्यवस्थित चालतो. कोपऱ्यातले घड्याळ बघावे. तारीख दहा-पंधरा वर्षे मागे गेलेली असते. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो, तो संपला की वीज जाताच संगणक तारीख विसरतो. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो साइट नाकारतो. तारीख दुरुस्त केली की साइट उघडते, सेल बदलला की दुखणे कायमचे जाते. सेल पन्नास रुपयांच्या आत येतो. नुसत्या या सेलपायी ‘संगणक कालबाह्य’ असा शेरा मारून अडगळीत टाकलेल्या संगणकांची वेगळी यादीच व्हावी.

सगळा कक्ष एकदम आडवा पडण्याची दोन कारणे शाळांमध्ये फार दिसतात आणि दोन्ही चांगल्या हेतूने घडतात. साफसफाई करताना कुणाला एका वायरीचे मोकळे टोक लोंबताना दिसते. तो ते नीटनेटकेपणाने स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतो. तिचे दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असते. आता एकच निरोप त्या वर्तुळात गरगर फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळे ठप्प. खूण अगदी स्पष्ट आहे, सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकतात. महागड्या स्विचमध्ये हे ओळखून थांबवायची सोय असते, शाळांतल्या साध्या स्विचमध्ये सहसा नसते. उपाय म्हणजे एकेक वायर काढत जायचे. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती गुन्हेगार.

दुसरे कारण जुना वाय-फाय राउटर. शिक्षक कक्षात रेंज येत नाही म्हणून कुणीतरी घरचा राउटर आणून लॅबच्या स्विचला जोडतो. आता पत्ते वाटणारे दोन झाले. काही संगणक खऱ्या राउटरकडून पत्ता घेतात, काही या पाहुण्याकडून, आणि पाहुण्याच्या मागे इंटरनेटच नाही. म्हणून पहिल्या रांगेत नेट चालते, दुसऱ्या रांगेत चालत नाही, उद्या उलटे. असा राउटर वापरायचाच असेल तर त्यातली पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि वायर त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात न लावता ‘लॅन’च्या भोकात लावावी.

आता वायरींचा विषय, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ तिथेच बुडतो. लॅनच्या, म्हणजे कक्षातले संगणक जोडणाऱ्या, वायरीत आठ तारा, चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ असतो. दोन्ही तारांवरून एकच संदेश उलटसुलट जातो आणि पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडून एकमेकांत खपतो. जॅकमधला रंगांचा प्रचलित क्रम असा, जीभ खाली, सोनेरी पिना वर आणि वायर आपल्याकडे धरल्यास डावीकडून पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, हे अनेकांना विचित्र वाटते. वीजजोडणीचे काम करणारे काही वायरमन ते ‘सुधारतात’ आणि रंगाला रंग लावून मोकळे होतात, नारंगी, हिरवा, निळा, तपकिरी, ओळीने. दोन्ही टोके सारखीच, म्हणून वायर तपासायच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे सरळ लागतात, सगळे खूश. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी मानली जाते, आणि इथे तिसऱ्या पिनेवर पांढरा-हिरवा, सहाव्या पिनेवर निळा आला. या दोन तारांना एकमेकींचा पीळच नाही. चार-पाच मीटरची अशी वायर चालूनही जाते. तीस-चाळीस मीटर लांब झाली की पिंगची चार उत्तरे मागितली तर दोन येतात, फाइल अर्ध्यात तुटते, पोर्टल ‘सेशन एक्सपायर्ड’ म्हणते. स्वस्त टेस्टर ही चूक पकडू शकत नाही. जॅक डोळ्यांसमोर धरून रंग वाचायचे, दुसरा मार्ग नाही.

जॅक बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. वरचे निळे किंवा करडे आवरण जॅकच्या आत, मागच्या दाबपट्टीखाली गेले पाहिजे. बाहेर उघड्या आठ तारा दिसत असतील तर ते काम पहिल्याच झटक्याला तुटणार. तारांची टोके जॅकच्या समोरच्या भिंतीला टेकलेली आहेत का, हे क्रिम्पिंग करण्याआधी, म्हणजे जॅक दाबून पक्का करण्याआधी, पुढून बघावे. १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) वेग चारच तारांवर चालतो (१, २, ३, ६), गिगाबिटला (सेकंदाला १००० मेगाबिट) आठही लागतात. म्हणून दोन्हीकडे गिगाबिट असूनही वेग १०० दिसत असेल तर निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली आहे असे समजावे. स्विचपासून संगणकापर्यंतची तांब्याची वायर सगळी मिळून १०० मीटरच्या आत हवी, आणि यात भिंतीवर चढण्या-उतरण्याची लांबीही धरायची. विजेच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून लॅनची वायर नेऊ नये, फूटभर अंतर ठेवावे. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

खरेदीत एक फसवणूक सर्रास चालते. ३०५ मीटरच्या पेटीवर ‘कॅट-६’ हा वायरीचा दर्जा छापलेला असतो, आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार. एक तार सोलून ब्लेडने खरवडावी, आत पांढरी निघाली तर परत करावी. खऱ्या तांब्यापेक्षा तिचा रोध जास्त आणि ती दोन-चारदा वाकवली की तुटते. पेटी उचलली तरी हलकेपणा हाताला कळतो. दरपत्रकात ‘शुद्ध तांबे’ हे दोन शब्द लिहून घेतले तर भांडायला जागा राहते.

सोलापूरच्या हवेचाही यात वाटा आहे. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी असलेल्या शाळांत सुताची बारीक लव स्विचच्या जाळीवर आणि संगणकाच्या पंख्यावर नमद्यासारखी बसते. बाहेर ४२-४३ अंश, वर पत्र्याचे छप्पर, स्विच लाकडी कपाटात बंद. असा स्विच दुपारी दोनला अडखळतो आणि सकाळी आठला शहाण्यासारखा चालतो. दुपारीच नेट जाते म्हणून कंपनीला दोष देण्याआधी स्विचला हात लावून बघावा. तो उघड्या जागी, जमिनीपासून वर ठेवावा आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडावा. सुट्टीत उंदीर वायरी कुरतडतात, ते जूनमध्ये कळते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातली वीज हे सगळ्यात महाग दुखणे. कार्यालय एका इमारतीत, लॅब दुसऱ्या इमारतीत आणि मधल्या मैदानावरून तांब्याची वायर टांगलेली, असे असेल तर जवळपास वीज कडाडली तरी त्या वायरीत दाब उठतो आणि दोन्ही टोकांचे स्विच, कधी संगणकांची कार्डेही जातात. वीज थेट पडावीच लागते असे नाही. दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची वायर, टाकावी, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचे संदेश तांब्याच्या वायरीसाठी बदलून देणारे डबे) लावावेत. काचेतून वीज वाहत नाही. तोवर, ढग जमले की ही वायर दोन्हीकडून उपसून ठेवावी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब वायरमनकडून मोजून घ्यावा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा.

आणखी एक साधी चूक. वीस संगणकांना मोठा यूपीएस असतो, पण फायबरचा डबा (बाहेरची फायबर जिथे येऊन जोडते तो) आणि राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत थेट विजेवर. दिवे क्षणभर मिणमिणले की संगणक चालूच, पण राउटर नव्याने उठायला दोन-तीन मिनिटे घेतो, आणि तेवढ्यात भरलेला अर्ज उडतो. या दोन डब्यांना एक छोटा यूपीएस पुरतो. सगळे बंद-चालू करायची वेळ आलीच तर आधी फायबरचा डबा, दोन मिनिटांनी राउटर, मग स्विच, शेवटी संगणक. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा; ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली असण्याची शक्यता मोठी. फायबरची पिवळी बारीक वायर दुमडून खिळ्याला अडकवू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून बघू नये.

‘नेट आहे पण हळू आहे’ या तक्रारीत आधी भागाकार करावा. ४० एमबीपीएसची लाइन वीस संगणकांत वाटली की वाट्याला २ येतात. यूट्यूबला ४८०पी चित्रासाठी सुमारे १.१, ७२०पीसाठी २.५ आणि १०८०पीसाठी ५ एमबीपीएस लागतात. वीस मुलांनी एकच व्हिडिओ वीस ठिकाणी ७२०पीवर लावला तर ५० झाले, लाइन पुरणारच नाही. तो एकदा प्रोजेक्टरवर दाखवावा. आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सगळे संगणक एकदम सुरू केले की सगळे मिळून विंडोजची अद्ययावते ओढायला लागतात; ते पाच-पाचच्या गटाने, शाळा सुटल्यावर करावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत, हेही संस्थाचालकांनी लक्षात घ्यावे.

एवढे सगळे करायला शाळांना काय काय लागते? क्रिम्पिंग टूल, टेस्टर, पन्नासभर जॅक, हजार-दीड हजारांत येतात. त्याखेरीज तयार, चालू असल्याची खात्री केलेल्या दोन वायरी, एक जादा अडॅप्टर, दोन सेल. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक. स्विचशेजारी भिंतीवर कक्षाचा हाताने काढलेला नकाशा, कोणते पोर्ट कोणत्या टेबलाचे. आणि एक वही, तारीख, टेबल क्रमांक, दिव्यांची स्थिती, आयपीचा पहिला आकडा, काय बदलले. फोन करताना वहीतली ही ओळ वाचून दाखवली तर निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात.

शासनाच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेत अनेक लॅब पाच वर्षांच्या ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा’ करारावर उभ्या राहिल्या. करार संपला, संगणक शाळेचे झाले, पण नकाशा, राउटरचा पासवर्ड आणि पत्त्यांची यादी कंत्राटदाराच्या माणसाबरोबर गेली. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांना विनंती, की यापुढे कोणत्याही लॅबचे अंतिम देयक काढण्याआधी या तीन गोष्टी लेखी आणि प्रत्येक पोर्टची चाचणी मुख्याध्यापकांसमोर घ्यावी. त्या दिवशी कुठल्याही चार टेबलांवरचे जॅक उघड्या डोळ्यांनी, रंग वाचून तपासावेत.

आपले,
संगणक जाळ्यांच्या देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
सोलापूर